परदेशात जायचंय, पण कोणत्या देशात? पगाराच्या आकड्याआधी पारखायच्या गोष्टी

“जर्मनी चांगला की कॅनडा?” असं कुणाला विचारलं, की समोरचा आपल्या अनुभवाचं उत्तर देतो. दुबईत दहा वर्षं सुखात काढलेला माणूस दुबईच सांगणार. टोरांटोच्या पहिल्या हिवाळ्यात नोकरी शोधून थकलेला म्हणणार, कॅनडाला जाऊ नका. दोघंही खरं बोलतात, पण त्यांच्या घरची माणसं वेगळी, वयं वेगळी आणि पदव्याही वेगळ्या.

म्हणून माझं सांगणं असं, की देश त्याच्या वाईट दिवसावरून निवडा. नोकरी गेली, तर तो देश तुम्हाला किती दिवस राहू देतो? गावाकडे वडील अतिदक्षता विभागात असल्याचा फोन आला, तर किती तासांत पोचता येतं? पाच वर्षांनी परतायचं ठरलं, तर मुलांचं शिक्षण कुठे अडतं? ही तीन उत्तरं हातात आली की मग पगाराचा आकडा बघावा.

हे हवेत बोलण्यापेक्षा एक नमुना कुटुंब धरू. पुण्यातलं जोडपं, दोघंही पस्तिशीच्या आसपास. तो वाहन उद्योगात यांत्रिकी अभियंता, ती फिजिओथेरपिस्ट. मुलगी सात वर्षांची, दुसरीत. त्याचे आईवडील साताऱ्याला, सत्तरी ओलांडलेले, गावी थोडी शेती. समोर चार पर्याय: जर्मनीतलं श्टुटगार्ट, दुबई, सिंगापूर आणि कॅनडा. तुमचं कुटुंब वेगळं असेल, पण याच क्रमाने गेलात तर पद्धत तुम्हालाही लागू पडेल.

पायरी १: किती वर्षांसाठी, हे आधी ठरवा

तीन वर्षं पैसे साठवून परत यायचं, मुलीची शाळा संपेपर्यंत राहायचं, की कायमचं स्थायिक व्हायचं, या तीन प्रश्नांची उत्तरं तीन वेगळे देश असू शकतात. नवरा-बायकोने हे वेगवेगळ्या कागदांवर, एकमेकांचं न बघता लिहावं. एकाच्या कागदावर “चार वर्षं” आणि दुसऱ्याच्या कागदावर “कायमचं” असेल, तर देशांची तुलना थांबवून आधी ते बोलून घ्या. तिकडे गेल्यावर हा वाद फार महागात पडतो, कारण तोवर एकाची नोकरी सुटलेली असते आणि मुलांची शाळा बदललेली असते.

त्याच कागदावर प्रत्येकाने आपल्या दोन-तीन लक्ष्मणरेषा लिहाव्यात, म्हणजे काहीही झालं तरी चालणार नाहीत अशा गोष्टी. आपल्या जोडप्यापैकी तिने लिहिलं: “माझं काम दोन वर्षांपेक्षा जास्त बंद राहायला नको.” त्याने लिहिलं: “आईवडिलांना वर्षातून काही महिने जवळ आणता आलं पाहिजे.” पुढचं सगळं या दोन ओळींवर घासून बघायचं आहे.

पायरी २: व्हिसा कशाला टांगलेला आहे ते बघा

व्हिसा मिळतो का, एवढंच बहुतेक जण बघतात. तो कशाच्या आधारावर टिकतो, हे त्याहून महत्त्वाचं.

दुबईत तुमचा निवास परवाना साधारणपणे मालकाच्या नोकरीवर उभा असतो आणि कुटुंबाचा तुमच्या परवान्यावर. नोकरी गेली, की व्हिसाच्या प्रकारानुसार ठरावीक मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर घर, शाळा, गाडी सगळं आवरून निघायचं. १० वर्षांचा गोल्डन व्हिसा २०१९पासून आहे आणि त्यात ही टांगती तलवार राहत नाही, पण तो पगार, पात्रता किंवा गुंतवणूक यांच्या अटींवर मिळतो. नागरिकत्व सामान्य माणसाने हिशेबातच धरू नये.

सिंगापूरमध्ये एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे नोकरीचा परवाना, हाही मालकाशी बांधलेला असतो. सप्टेंबर २०२३पासून कंपास नावाची गुणपद्धत आहे, ४० गुण लागतात, आणि जानेवारी २०२५पासून किमान पगार महिना ५,६०० सिंगापूर डॉलर झाला. वय वाढतं तशी ही किमान रक्कमही चढते. पंचविशीत जो पगार पुरला, तो चाळिशीत पास नव्याने काढताना पुरेलच असं नाही.

जर्मनीचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, हेही नोकरीच्या करारावर मिळतं. २०२५मध्ये त्यासाठी वर्षाला ४८,३०० युरो पगार लागत होता; अभियंत्यांसारख्या टंचाईच्या व्यवसायांना त्याहून कमी, सुमारे ४३,७६० युरो. ही रक्कम दर जानेवारीत बदलते. पहिल्या १२ महिन्यांत नोकरी बदलायची, तर परदेशी नागरिक कार्यालयाला कळवावं लागतं. पण खरी जमेची बाजू पुढे आहे: जर्मन भाषेची बी१ (मध्यम) पातळी असेल तर २१ महिन्यांनी, आणि फक्त ए१ (अगदी प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांनी कायमच्या वास्तव्याचा परवाना मागता येतो. शिवाय नोकरी गेली आणि आधीच्या ३० महिन्यांत किमान १२ महिने बेरोजगारी विम्याचे हप्ते भरलेले असले, तर भत्ता मिळतो. मूल असलेल्या माणसाला तो निव्वळ पगाराच्या ६७ टक्के असतो. आपल्याकडच्या पगारदाराला या विम्याची सवय नाही, म्हणून तुलना करताना तो हमखास सुटतो.

कॅनडाचं गणित उलटं आहे. एक्सप्रेस एंट्री या गुणांवर चालणाऱ्या पद्धतीतून निवड झाली, तर पहिल्या दिवसापासून पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना, मिळतो, तो कुठल्याही मालकाशी बांधलेला नसतो. मात्र नोकरी हातात नसते. आणि वयाचे गुण २९ वर्षांपर्यंत पूर्ण मिळतात, तिशीपासून दरवर्षी घटतात, पंचेचाळिशीला शून्य होतात. पस्तिशीतल्या जोडप्याने “बघू दोन वर्षांनी” म्हणणं म्हणजे गुण हातचे घालवणं आहे.

पायरी ३: जोडीदाराचं काम

इथे बरीच मराठी कुटुंबं चुकतात, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा बाई मोजते. “तू नंतर बघ काहीतरी” या वाक्यावर कुणीही देश बदलू नये.

सिंगापूरमध्ये १ मे २०२१पासून डिपेंडंट पासवर, म्हणजे कुटुंबीयांच्या परवान्यावर, असलेल्या जोडीदाराला काम करायचं असेल, तर सहसा स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. त्यात फिजिओथेरपीसाठी तिथल्या व्यावसायिक परिषदेची नोंदणीही आली. आपल्या जोडप्याची पहिली लक्ष्मणरेषा इथेच ओलांडली जाण्याची शक्यता आहे, म्हणून मी सिंगापूर या यादीतून खाली उतरवलं. शहर उत्तम आहे. या घरासाठी सोयीचं नाही.

जर्मनीत ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला येण्याआधी भाषेची परीक्षा द्यावी लागत नाही आणि लगेच काम करण्याचा हक्क मिळतो. पण हक्क असणं आणि काम मिळणं यांत अंतर आहे. फिजिओथेरपी तिथे नियमन असलेला व्यवसाय आहे. पदवीची समकक्षता तपासून घ्यावी लागते, साधारण बी२ पातळीचं जर्मन लागतं, आणि अभ्यासक्रमात तफावत निघाली तर पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. भाषा पुण्यात असतानाच, मॅक्स म्युलर भवनात किंवा चांगल्या खासगी वर्गात, सुरू केली तर दोन वर्षांची मर्यादा पाळता येते. तिथे पोचल्यावर शून्यापासून सुरुवात केली तर फार कठीण.

दुबईत दुबई हेल्थ अथॉरिटीचा परवाना लागतो: कागदपत्रांची पडताळणी, अनुभवाची अट आणि परीक्षा. भाषेचा अडसर नाही, त्यामुळे चौघांत हा रस्ता सर्वांत जवळचा.

कॅनडात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आरोग्यसेवेतल्या व्यवसायांसाठी २०२३पासून वेगळ्या निवडफेऱ्या होतात. तेव्हा मुख्य अर्जदार नवराच असावा असं गृहीत धरू नका; दोघांचे गुण दोन्ही बाजूंनी मोजा. पीआर मिळाल्यावरही प्रांताच्या नियामक संस्थेची परवानगी मिळेपर्यंत ती फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करू शकणार नाही, आणि त्या काळात घर कोणाच्या पगारावर चालणार, हे आधी मांडून ठेवा.

पायरी ४: मुलांचं वय

जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात: विद्यापीठाकडे नेणारं गिम्नाझियुम किंवा इतर प्रकारच्या शाळा. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये हे सहावीनंतर होतं. श्टुटगार्ट ज्या राज्यात आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतरच. सात वर्षांच्या मुलीला जर्मन उचलायला दोन-अडीच वर्षं मिळतात, आणि त्या वयाची मुलं भाषा भराभर शिकतात. हीच मुलगी अकरा-बारा वर्षांची असती, तर मी जर्मन शाळेबद्दल इतक्या खात्रीने बोललो नसतो. मग इंटरनॅशनल शाळा बघावी लागते आणि तिची फी सगळा हिशेब उलटापालटा करते. घरी शिकवण्याची सोय जर्मनीत कायद्याने नाही.

दुबईत सीबीएसई अभ्यासक्रमाच्या शाळा भरपूर आहेत. त्यामुळे परत येणं सोपं, विशेषतः आठवीच्या आत. फी मात्र खिशातून. नोकरीच्या करारात शाळेचा भत्ता किती मुलांसाठी आणि कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, ते लेखी घ्या.

कॅनडात सरकारी शाळा बारावीपर्यंत मोफत. सिंगापूरला मुलगा घेऊन जात असाल आणि त्याच्यासाठी पीआर घ्यायचा विचार असेल, तर त्याला पुढे दोन वर्षांची सक्तीची लष्करी सेवा लागू होऊ शकते. हे मुलाशी नसलं तरी आपापसात आजच बोला.

पायरी ५: आईवडील

या पायरीवर घाई करू नका. इतर सगळ्या गोष्टी पैशाने किंवा वेळेने सुधारतात, आईवडिलांची वयं मागे जात नाहीत.

आधी अंतर तासांत मोजा, आणि ते घरापासून थेट साताऱ्यातल्या रुग्णालयापर्यंत मोजा. दुबई-मुंबई विमान सुमारे तीन तासांचं. विमानतळावरचा वेळ आणि मुंबई-सातारा रस्ता धरूनही सकाळी निघालेला माणूस रात्री वडिलांजवळ असतो. जर्मनीहून साधारण एक पूर्ण दिवस. कॅनडाहून बहुतेक वेळा वाटेत विमान बदलून दीड दिवस, कधी जास्त.

मग बघा, त्यांना तिकडे आणता येतं का. कॅनडाचा सुपर व्हिसा यात सर्वांत उदार आहे: आईवडील एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू शकतात, पण किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो आणि तुमचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर असावं लागतं. दुबईत आईवडिलांना प्रायोजित करायला साधारण २०,००० दिरहम पगाराची अट आहे. सिंगापूरमध्ये आईवडिलांच्या दीर्घ मुक्कामाच्या पाससाठी महिना १२,००० सिंगापूर डॉलर पगार लागतो.

जर्मनीत पूर्वी हे जवळजवळ अशक्यच होतं. १ मार्च २०२४ रोजी किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिला परवाना मिळाला, ते आता आईवडिलांना कायम राहायला आणण्यासाठी अर्ज करू शकतात. अडतं ते आरोग्य विम्यापाशी. सत्तरीच्या, मधुमेह-रक्तदाब असलेल्या माणसाला खासगी विमा मिळणं अवघड आणि मिळाला तर अतिशय महाग. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक कुटुंबं शेंगेन व्हिसावर, म्हणजे युरोपच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसांच्या भेटीवर भागवतात. “वर्षातून काही महिने” ही त्याची अट त्यात बसते. कायमचं एकत्र राहणं बसत नाही. एजंट “आता पालकांनाही नेता येतं” एवढंच सांगतात, विम्याचं सांगत नाहीत.

आणि हे सगळं आईवडिलांना विचारा. कित्येकदा त्यांना साताऱ्यातून हलायचंच नसतं. मग प्रश्न बदलतो: जवळच्या कोणत्या नातेवाइकाकडे घराची किल्ली, डॉक्टरांचा नंबर आणि मेडिक्लेमची कागदपत्रं राहणार? तो माणूस पक्का झाल्याशिवाय तिकिटं काढू नका.

पायरी ६: पैसे, पण रुपयांत गुणून नव्हे

युरोला रुपयांनी गुणून मिळालेला आकडा विसरा. त्या देशाच्या चलनात महिन्याचा जमाखर्च मांडा, आणि शेवटी उरलेल्या रकमेचेच रुपये करा.

जर्मनीत वर्षाला ६०,००० युरो पगार असलेल्या, कमी कराच्या तिसऱ्या वर्गात बसणाऱ्या विवाहिताच्या हाती महिना साधारण साडेतीन हजार युरो येतात. कर तर कापला जातोच, शिवाय निवृत्तिवेतन, आरोग्य, बेरोजगारी आणि वृद्धसेवा विमा मिळून पगाराचा सुमारे पाचवा हिस्सा जातो. मात्र त्या आरोग्य विम्यात कमाई नसलेली पत्नी आणि मूल वेगळा हप्ता न भरता येतात, आणि मुलामागे सरकारी भत्ता मिळतो. २०२५मध्ये तो महिना २५५ युरो होता. घर बघताना काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे हीटिंग वगैरे धरून. तुलना करताना वार्ममीटे धरा. अनामत रक्कम तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत असू शकते. पुष्कळ घरं ओटा-कपाटं नसलेल्या रिकाम्या स्वयंपाकघरासह मिळतात. तो खर्च पहिल्याच महिन्यात येतो.

दुबईत पगारावर आयकर नाही. पण भाडं अनेकदा वर्षभराचं, काही मोजक्या चेकमध्ये आगाऊ द्यावं लागतं. शाळेची फी आणि कुटुंबाचा विमा हे दोन आकडे आधी मिळवा. निवृत्तिवेतन नाही, नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि नंतर दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार. ‘मूळ’ शब्द महत्त्वाचा. एकूण पगार मोठा दाखवून मूळ पगार छोटा ठेवलेला करार पुढे नुकसान करतो.

कंपनीच पाठवत असेल, तर पीएफचं विचारा. जर्मनी आणि कॅनडाशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे, त्यामुळे ठरावीक काळासाठी पाठवलेल्या माणसाला दुहेरी हप्ते भरावे लागत नाहीत. अमिराती आणि सिंगापूरशी असा करार नाही.

भारतातला करही इथेच बघून घ्या. अनिवासी ठरण्यासाठी भारतातले दिवस मोजले जातात, म्हणून आर्थिक वर्षाच्या मध्यावर निघणाऱ्याने तारीख सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावी. दुबईला जाणाऱ्यांसाठी खास: भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि दुसऱ्या कुठल्याच देशात करदायित्व नसेल, तर भारतीय नागरिकाला निवासी मानलं जाऊ शकतं.

पायरी ७: पासपोर्ट आणि सातबारा

जर्मनीत २७ जून २०२४पासून पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं आणि जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं. भारताला चालत नाही. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारतीय नागरिकत्व संपतं, मग ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं ओळखपत्र, घ्यावं लागतं. ओसीआयवर येणं-जाणं, राहणं, घर घेणं जमतं. मतदान करता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, ना ओसीआयला ना अनिवासी भारतीयाला. वारसाने आलेली ठेवता येते, आणि विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. साताऱ्याला शेजारचं वावर जोडून घ्यायचा विचार वर्षानुवर्षं चालू असेल, तर तो निघण्याआधी तडीस न्या.

पायरी ८: चुकीच्या हंगामात जाऊन बघा

श्टुटगार्ट जानेवारीत बघा, दुबई जुलैमध्ये. पर्यटनस्थळं सोडा. भाड्याचं एखादं घर प्रत्यक्ष बघा, सकाळी आठला कामाच्या ठिकाणापर्यंत बसने किंवा रेल्वेने जा, आठवड्याचा किराणा घ्या, शाळेच्या फाटकाशी मधल्या सुट्टीत थांबा. जाणं परवडत नसेल, तर तिथल्या महाराष्ट्र मंडळातल्या दोन-तीन कुटुंबांशी बोला, आणि तितक्याच परत आलेल्यांशीही. “कसं आहे तिकडे?” असं मोघम विचारू नका. असं विचारा: मुलाला ताप आला तेव्हा डॉक्टरची वेळ किती दिवसांनी मिळाली? घर मिळायला किती अर्ज केले? वहिनींचं काम किती महिन्यांनी सुरू झालं?

पायरी ९: निर्णय

गुणांची बेरीज करून निर्णय घेण्याच्या मी विरोधात आहे. भरपूर पगाराचे दहा गुण आणि आईपासून दूर राहण्याचे उणे दोन, असा हिशेब कागदावर जमतो, घरात जमत नाही. आधी लक्ष्मणरेषा ओलांडणारे देश काढून टाका, मग उरलेल्यांचा वाईट दिवस शेजारी-शेजारी ठेवा.

आपल्या जोडप्यापुरतं माझं मत असं. ती आजपासून जर्मनचा वर्ग लावायला मनापासून तयार असेल, तर श्टुटगार्ट: मुलीचं वय अचूक आहे, त्याचा उद्योग तिथलाच आहे आणि नोकरी गेली तरी सावरायला वेळ मिळतो. वडिलांची तब्येत आत्ताच ढासळत असेल, तर दुबई, पाच वर्षं ठरवून, मुलगी सातवीत जाईपर्यंत. कॅनडा तेव्हाच, जेव्हा वर्षभराचा खर्च बाजूला असेल आणि दोघांनाही कायमचंच जायचं असेल.

पायरी १०: निघण्याआधीची कागदपत्रं

महाराष्ट्रातल्या लोकांची ठरलेली अडचण नावांची. पदवीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, विवाह प्रमाणपत्रावर तिसरीच स्पेलिंग. कुठे वडिलांचं मधलं नाव आहे, कुठे नवऱ्याचं. हे आधी एकसारखं करून घ्या, गरज पडल्यास राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून. मुलीच्या जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत महापालिकेकडून घ्या.

जर्मनीसाठी आपली पदवी आणि विद्यापीठ आनाबिन या सरकारी यादीत कसं नोंदलंय ते अर्जाआधीच बघा. जर्मनीसाठी कोणत्या दाखल्यांवर अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारा साक्षांकनाचा शिक्का, लागतो आणि कोणते वकिलातीकडून तपासले जातात, ते व्हिसाच्या यादीत वाचून घ्या. दुबईसाठी अपोस्टील पुरत नाही, राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि मग अमिरातीची वकिलात असा साक्षांकनाचा क्रम असतो; मूळ पदव्या त्यात काही आठवडे अडकतात.

बँकेला अनिवासी झाल्याचं कळवून बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या खात्यात, बदला. चालू पीपीएफ मुदत संपेपर्यंत ठेवता येतं, नवीन काढता येत नाही. घर भाड्याने देणं, कर भरणं, तलाठ्याकडची कामं यांसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे मुखत्यारपत्र इथेच करून ठेवा, आणि त्यात कोणती कामं येतात हे एकेक करून लिहा. परदेशातून तेच करायचं तर दूतावासाची वेळ घ्या, कागद टपालाने पाठवा आणि इथे पुन्हा मुद्रांक भरा, असा दोन महिन्यांचा उद्योग होतो.